ज्यू प्रार्थनागीतांतून श्रद्धेकडे कसे जावे

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात असलेले ‘शाआर हाशामाईम’ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८७९ सालचे आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या अनेकांना ही वास्तू बाहेरून ठाऊक असते. मात्र शुक्रवारी संध्याकाळी आत जी गीते म्हटली जातात ती समाजाबाहेरच्या फार थोड्यांनी ऐकलेली असतात, आणि समाजातही ज्यांना ती लहानपणापासून पाठ आहेत त्यांच्यापैकी कितीतरी जणांना त्यांच्या अर्थाचा माग घेण्याची सवड कधी मिळालेली नसते. पुढील मार्गदर्शन या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आहे: चाल ओठांवर असूनही हिब्रू शब्द परके वाटणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी ज्यू समाजातील, तरुणांसाठी, आणि दुसऱ्या धर्मात वाढलेल्या, पण या शेजाऱ्यांच्या भक्तीत काय आहे ते आदराने समजून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी माणसांसाठी. दोघांनाही माझे सांगणे एकच आहे. एखादे ज्यू गीत समजून घ्यायचे असेल तर त्याला प्रथम त्याच्या नेमून दिलेल्या वेळी म्हणावे किंवा ऐकावे, आणि तेच एक गीत बराच काळ धरून ठेवावे. ही गीते सूर्यास्ताला, आठवड्याच्या वाराला, पौर्णिमेला आणि उपवासाच्या शेवटच्या तासाला जोडलेली आहेत, आणि त्या वेळेपासून तोडून कानात घातली की त्यांतले संगीत तेवढे उरते.

श्रद्धा आधी असावी लागते का

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवशिका विचारतो आणि त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. तोरा म्हणजे ज्यूंचे पाच मूळ धर्मग्रंथ; त्यांतील निर्गम या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात सिनाय पर्वताच्या पायथ्याशी उभे असलेले लोक मोशेला सांगतात की देवाने जे सांगितले ते आम्ही करू आणि ऐकू. करणे आधी, ऐकणे नंतर, या क्रमावर ज्यू भाष्यकारांनी शतकानुशतके विचार केला आहे, आणि गीतांच्या बाबतीत तो क्रम अक्षरशः लागू पडतो. ज्याला देवाबद्दल खात्री नाही, त्यानेही शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, संध्याकाळी उभे राहून गावे, अशी अपेक्षा आहे. खात्री पटेपर्यंत बाहेर थांबावे असे कोणी सांगत नाही.

शिवाय या गीतांत संशयाला आणि तक्रारीला उघड जागा आहे. तेहिल्लीम, म्हणजे दीडशे स्तोत्रांचा संग्रह, हा ज्यू गायनाचा पाया आहे. त्यातले तेरावे स्तोत्र अगदी लहान, पण ते ‘कुठवर?’ हा प्रश्न देवाला लागोपाठ चार वेळा विचारते, आणि मग शेवटच्या वचनात, काहीही बदललेले नसताना, गाण्याचा निश्चय करते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर तेवढाही दिलासा देत नाही; ते अंधाराच्या उल्लेखावरच थांबते. ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी त्याला एखादी आशेची ओळ जोडून दिली नाही, आणि माझ्या मते संपूर्ण संग्रहातील ही सर्वांत धीट गोष्ट आहे. देवाशी भांडण्याची परंपरा अभंगांमुळे मराठी वाचकाला नवी नाही, त्यामुळे या स्तोत्रांशी त्याची ओळख लवकर जुळते. मन उदास असताना आनंदाचे गीत ओढूनताणून म्हणण्यापेक्षा तेरावे स्तोत्र म्हणणे अधिक प्रामाणिक ठरते.

पहिले गीत कोणते निवडावे

पुष्कळ जण ‘कोल निद्रे’ने सुरुवात करतात, कारण त्याची युरोपीय ज्यूंमधील चाल जगभर ऐकली जाते. ही निवड मला योग्य वाटत नाही. ‘कोल निद्रे’ हे मुळात गीतच नाही. ते अरामी भाषेतील, नवस आणि शपथा रद्द करण्याचे एक विधिवत निवेदन आहे, जे योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी तीन वेळा म्हटले जाते. वर्षातील एका संध्याकाळचे हे शब्द रोजच्या सरावाला उपयोगी पडत नाहीत.

ज्याला हिब्रूचा गंधही नाही त्याने एकशे छत्तिसाव्या स्तोत्रापासून सुरुवात करावी. त्यात सव्वीस वचने आहेत आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी ‘की लेओलाम हसदो’ हे एकच पालुपद येते, ज्याचा आशय असा की त्याची दया सर्वकाळ टिकते. पुढारी वचन म्हणतो, बाकीचे पालुपद म्हणतात. पहिल्याच दिवशी नवखा माणूस निम्मे स्तोत्र गाऊ शकतो. पण ते सोपे आहे म्हणून उथळ समजू नये. आकाशाची निर्मिती, सूर्य-चंद्र, मिसरमधून (इजिप्तमधून) सुटका, समुद्र दुभंगणे, रणातील वाटचाल, राजांशी झालेली युद्धे असे मोठमोठे विषय ओलांडत हे स्तोत्र अखेरीस प्रत्येक जिवाला अन्न देणाऱ्यापाशी येते. विश्वाच्या उत्पत्तीला जे पालुपद, तेच रोजच्या जेवणाला. पंचविसावे वचन म्हणताना आपल्या घरातले कालचे जेवण आठवावे. स्तोत्राचा अर्थ लावण्याची याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही.

ज्याला एकांतात म्हणण्यासाठी काही हवे आहे त्याने एकशे एकविसावे स्तोत्र घ्यावे. ‘मी डोंगरांकडे डोळे लावतो, माझे साहाय्य कोठून येईल?’ या आशयाने ते सुरू होते. येऊरचे डोंगर किंवा पारसिकची टेकडी रोज खिडकीतून पाहणाऱ्याला हे शब्द जवळचे वाटतील, मात्र स्तोत्र डोंगरांकडून मदत मागत नाही. ते पुढच्याच वचनात आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्याचे नाव घेते. या स्तोत्रात एक बारकावा आहे जो वाचताना सहज निसटतो आणि गाताना मात्र जाणवतो. पहिल्या दोन वचनांत बोलणारा ‘मी’ आहे. तिसऱ्या वचनापासून दुसराच कोणी बोलू लागतो आणि त्याला ‘तू’ म्हणतो, तुझा पाय तो घसरू देणार नाही, तुला राखणारा झोपत नाही असे सांगतो. हा दुसरा आवाज कोणाचा? वडिलांचा, याजकाचा, की त्याच माणसाच्या मनातील शांत भागाचा? परंपरा उत्तर ठरवून देत नाही. म्हणून हे स्तोत्र शक्य असेल तेव्हा दोघांनी म्हणावे: एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने उरलेली सहा वचने त्याच्यासाठी म्हणावीत, आणि दुसऱ्या दिवशी भूमिका बदलाव्यात. आजारी माणसाच्या उशाशी बसून म्हणण्यासाठी हे स्तोत्र फार जुन्या काळापासून वापरले जाते, ते या दुसऱ्या आवाजामुळेच असावे.

ज्याला तत्त्वचिंतनाची ओढ आहे त्याच्यासाठी ‘आदोन ओलाम’ आहे. मध्ययुगातील हे काव्य कोणी रचले याबद्दल एकमत नाही, पण ते आज जगभरच्या सिनेगॉगांत म्हटले जाते, बहुधा उपासनेच्या अखेरीस, आणि झोपण्यापूर्वी अंथरुणावरही. त्याच्या पूर्वार्धात देव सृष्टीपूर्वीचा राजा आहे, सर्व काही संपल्यानंतरही एकटाच राज्य करणारा, आदि-अंत नसलेला. हे वर्णन वाचून माणसाला आपण किती क्षुल्लक आहोत असे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी काव्य वळते. ‘तोच माझा देव’ अशी सुरुवात होते आणि तिथून पुढे माझा आसरा, माझा पेला, माझा आत्मा, माझे शरीर असे सगळे ‘माझे’ होत जाते. शेवटी झोपेत आणि जागेपणी मी माझा प्राण त्याच्या हाती सोपवतो, तो माझा आहे, मी भिणार नाही, एवढेच उरते. निर्गुण आणि सगुण यांच्यातील ओढ ज्यांनी संतवाङ्मयात अनुभवली आहे त्यांना हे वळण ओळखीचे वाटेल. या काव्याचे वृत्त इतके नियमित आहे की ते असंख्य चालींत बसते, त्यामुळे एक उपयुक्त प्रयोग करता येतो. तेच शब्द एकदा उत्सवी चालीत आणि एकदा रात्री हलक्या, संथ चालीत म्हणून पाहावेत. पहिल्या चालीत पूर्वार्ध भरून येतो आणि दुसऱ्या चालीत उत्तरार्ध.

शिकण्याची पद्धत

गीत निवडल्यावर चाल लगेच शिकू नये. प्रथम मराठी अर्थ गद्यासारखा मोठ्याने वाचावा. या बाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे, कारण हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे काम येथे एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधील सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापली गेली, आणि जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी पुढे अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत उतरवले. घरातल्या जुन्या कपाटात असे एखादे पुस्तक असेल तर ते आधी बाहेर काढावे. भाषा जुनी असली तरी तिच्यात आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची वळणे सापडतात. स्तोत्रांसाठी बायबलच्या मराठी आवृत्तीतील स्तोत्रसंहिता चालते, मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिब्रू प्रतीत पुष्कळदा स्तोत्राचे शीर्षक हेच पहिले वचन मोजतात, त्यामुळे वचनांचे क्रमांक एकाने पुढे-मागे दिसू शकतात.

दुसरी पायरी उच्चाराची. हिब्रू शब्द देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहून काढावेत, कारण रोमन लिपीपेक्षा देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘त’-‘ट’ यांतील भेद अधिक स्पष्ट राहतो. तरीही काही व्यंजने दोन्ही लिप्यांत नीट बसत नाहीत. घशातून येणारा ‘ख’सारखा ध्वनी कोणी ‘ह’ म्हणून उच्चारतो, कोणी ‘ख’ म्हणून, आणि ठाण्यातील ज्येष्ठांचा उच्चार इस्रायलहून आलेल्या ध्वनिमुद्रणातील उच्चारापेक्षा वेगळा असू शकतो. या फरकाची काळजी करू नये. ज्या मंडळीबरोबर आपण गाणार आहोत तिचा उच्चार आपला मानावा.

चाल तिसरी. ती शक्यतो माणसाकडून शिकावी, आणि ते शक्य नसेल तर ध्वनिमुद्रणावरून. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ध्वनिसंग्रहात जगभरच्या ज्यू समाजांच्या चाली जपलेल्या आहेत आणि त्यांत बेने इस्राएलांच्याही आहेत. येथील उपासनेची पद्धत मोठ्या प्रमाणात सेफर्दी, म्हणजे मूळच्या स्पेनमधील ज्यूंच्या, वळणाची आहे, कारण एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या आणि नंतर बगदादी ज्यूंच्या सहवासात ती घडत गेली. म्हणून युरोपीय चालीवर गीत पक्के करून ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये गेल्यास आपला सूर एकटा पडेल.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि बहुतेक मार्गदर्शकांत ती नसते. गीत पाठ झाल्यावर दर आठवड्याला स्वतःला विचारावे: यातली कोणती ओळ म्हणताना माझी जीभ अडते? ‘मी भिणार नाही’ असे म्हणताना उद्याच्या तपासणीच्या अहवालाची भीती मनात असेल, तर ती ओळ अडेल. ‘त्याची दया सर्वकाळ टिकते’ असे म्हणताना नुकतेच गेलेले माणूस आठवेल. अडलेली ओळ टाळू नये, तिच्याशी खोटेपणाही करू नये. ती ओळ सावकाश म्हणावी, तिच्या खाली त्या दिवसाची तारीख आणि अडण्याचे कारण वहीत लिहावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहावे. काही महिन्यांनी ती वही उघडली तर आपली श्रद्धा नेमकी कोठे आहे आणि कोठे नाही, हे कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट दिसेल. हे लेखन मात्र शब्बाथला करू नये. त्या दिवशी लिहिणे निषिद्ध आहे.

शुक्रवारची संध्याकाळ

शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतो. आपल्याकडे सूर्य नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातच्या पुढे. म्हणजे हिवाळ्यात शब्बाथचे स्वागत होत असते तेव्हा ठाण्याचा नोकरदार बहुधा कुर्ला-घाटकोपरच्या मध्ये लोकलच्या गर्दीत उभा असतो. आदर्श असा की त्या दिवशी लवकर निघावे. ते जमत नसेल तर ब्याण्णवावे स्तोत्र पाठ करून ठेवावे आणि गाडीतच ओठांतल्या ओठांत म्हणावे. त्याच्या शीर्षकात ते शब्बाथसाठी आहे असे सांगितले आहे, पण आत शब्बाथचा शब्दही नाही. सकाळी दया आणि रात्री सत्य यांचे वर्णन करणे चांगले, दुष्ट गवतासारखे उगवतात, नीतिमान खजुरीसारखा वाढतो, म्हातारपणीही फळ देतो, असा त्याचा विषय आहे. आठवडाभर गवताची वाढ पाहून थकलेल्या माणसाला खजुरीच्या झाडाची सावकाश गती आठवून देणे, हेच बहुधा त्याचे शब्बाथपण असावे.

सिनेगॉगमध्ये या वेळी ‘लेखा दोदी’ म्हटले जाते. गालिलमधील साफेद या गावी सोळाव्या शतकात शलोमो अल्काबेझ यांनी ते रचले, आणि त्यांनी आपले नाव कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत गुंफले आहे. शब्बाथ ही वधू आहे, तिला सामोरे जाऊ या, असे पालुपद सांगते. शेवटच्या कडव्याला सारी मंडळी दाराकडे वळते आणि वाकून तिचे स्वागत करते. हे वळणे पाहून नवख्याला गंमत वाटते. पण बारकाईने वाचल्यास दिसेल की नऊ कडव्यांपैकी पहिली दोन आणि शेवटचे एवढीच शब्बाथविषयी आहेत. मधली सहा कडवी उद्ध्वस्त यरुशलेमला उद्देशून आहेत: ऊठ, धूळ झटक, चांगली वस्त्रे नेस, लाजू नकोस. म्हणजे वधूच्या स्वागताला निघालेला माणूस वाटेत एका मोडक्या शहराला धीर देण्यासाठी थांबतो. ज्याला या गीतात आपला अर्थ शोधायचा आहे त्याने या मधल्या सहा कडव्यांपाशी थांबावे. गेल्या आठवड्यात आपल्यात काय मोडले, कोणापुढे लाजून मान खाली घालावी लागली, हे मनात आणून ‘ऊठ, धूळ झटक’ हे शब्द स्वतःला म्हणावेत, आणि मगच दाराकडे वळावे.

शब्बाथला वाद्ये वाजवत नाहीत, फक्त कंठ. तबला-पेटीची सवय असलेल्या मराठी कानाला सुरुवातीला हे रिकामे वाटते, आणि सुरांत कच्चे असलेले शेजारीही ऐकू येतात. त्याला इलाज नाही. हजानचा, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणाऱ्याचा, आवाज धरून ठेवावा.

एलियाहू हन्नाबी आणि मलिदा

बेने इस्राएलांच्या भक्तीचे मर्म एकाच गीतात पाहायचे असेल तर ते एलियाहू हन्नाबीच्या गीतात पाहावे. जगभरचे ज्यू शब्बाथ संपताना, शनिवारी रात्री हव्दाला या निरोपाच्या विधीच्या वेळी, संदेष्टा एलियाहू तिश्बी, गिलादी लवकर येवो, दाविदाच्या वंशातील मशीहाला घेऊन येवो, असे गातात. कोकणातून आलेल्या या समाजाने त्या संदेष्ट्याला घरात आणले. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना, मोठ्या आजारातून उठल्यावर मलिदा होतो. भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, सुका मेवा आणि फळे असे ताट मांडतात, आशीर्वाद म्हणतात आणि एलियाहू हन्नाबीचे गीत आपल्या खास चालीत सगळे मिळून गातात. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळे परिसरातील एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, अशी समाजाची श्रद्धा आहे आणि लोक तेथे आजही जातात.

यात मला एक विलक्षण गोष्ट दिसते. इतरत्र हे गीत न आलेल्याची वाट पाहते. येथे ते एकदा येऊन गेलेल्याला पुन्हा बोलावते. प्रतीक्षेची ही दोन रूपे वेगळी आहेत आणि त्यांतून घडणारी श्रद्धाही वेगळी असते. जो माणूस ‘तो कधीतरी येईल’ असे म्हणतो त्याला धीर लागतो, आणि जो ‘तो आला होता’ असे म्हणतो त्याला आठवण लागते. हे गीत अर्थासह म्हणायचे असेल तर प्रथम कागदावर स्वतःच्या आयुष्यातील एखादा प्रसंग लिहावा जेव्हा अनपेक्षित मदत मिळाली, कोणाकडून ते नीट कळलेही नाही. मग मलिद्याला बसावे. नवस फेडण्याच्या विधीत उपकाराची आठवण आधीच गृहीत धरलेली असते. गीत तिला सूर देते.

ज्यांना हिब्रू फारच दूरचे वाटते त्यांच्यासाठी मराठीचाही मार्ग आहे. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल समाजात कीर्तने होऊ लागली. अब्राहाम, योसेफ यांसारख्यांची आख्याने अस्सल मराठी कीर्तनाच्या पद्धतीने, साकी, दिंडी, ओवी अशा वृत्तांत रचून सांगितली जात. योसेफाला भावांनी विहिरीत टाकले, मिसरमध्ये विकले आणि शेवटी त्याने त्यांना ओळख दिली, ही कथा ओवीत ऐकताना तोरा परक्या प्रदेशातील ग्रंथ वाटत नाही. अशी पदे आजही काही घरांत, विशेषतः बायकांच्या तोंडी, टिकून आहेत. माझा सल्ला असा की हिब्रू गीत शिकत असतानाच एखादे मराठी पदही शिकावे. एकाने वेळ आणि शिस्त मिळते, दुसऱ्याने कथा.

वर्षाचे वळण

ज्याने एक स्तोत्र आणि एक शब्बाथचे गीत पक्के केले त्याने मग वर्षाच्या फेऱ्यात उतरावे. वल्हांडणाच्या रात्रीचे ‘दय्येनू’ मुलांना लगेच येते: पंधरा कडव्यांत देवाचे एकेक उपकार सांगून प्रत्येकाला ‘एवढ्यानेही आमचे भागले असते’ असे म्हणायचे. घरी म्हणताना यादीत स्वतःचे एक कडवे जोडण्याची मुलांना मुभा द्यावी. यरुशलेममधील मंदिराच्या नाशाचा शोक करण्याच्या तिशा बआव या दिवसाच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या भाषेत बिरड्याच्या रोजाच्या, आधीच्या तीन आठवड्यांत उत्सवी गाणी आणि वाद्यसंगीत टाळतात, आणि त्या दिवशी जमिनीवर बसून विलापगीते म्हणतात. हे दिवस गाळून फक्त आनंदाची गीते शिकू नयेत.

दारफाळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, हा या फेऱ्याचा कळस आहे. सुमारे पंचवीस तासांच्या निर्जळी उपवासानंतर, उपासनेच्या अखेरच्या भागात, सेफर्दी परंपरेत ‘एल नोरा अलीला’ हे गीत म्हणतात. अकराव्या-बाराव्या शतकांतील स्पेनचे कवी मोशे इब्न एझरा यांची ही रचना आहे आणि दार मिटण्याच्या घटकेला क्षमा दे, अशी विनवणी तिच्या पालुपदात आहे. आश्चर्य असे की तिची चाल रडवी नसते; बहुतेक ठिकाणी ती उसळती, जवळजवळ आनंदी असते, आणि घसा कोरडा पडलेली माणसे ती मोठ्या जोमाने म्हणतात. क्षमा मिळणार याची खात्री त्या जोमात आहे. ही खात्री पुस्तक वाचून येत नाही, त्यासाठी त्या दिवशी सकाळपासून तिथे असावे लागते.

सिनेगॉगमध्ये जाताना

बाहेरच्या पाहुण्याने आधी व्यवस्थापनाशी बोलून परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे. सुरक्षेच्या कारणास्तव अचानक आत सोडले जात नाही. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे आहे, आणि नवी मुंबईच्या दक्षिण भागात राहणाऱ्यांना ते ठाण्यापेक्षा जवळ पडेल. पुरुषांनी डोके झाकावे, स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असते. शब्बाथला मोबाईल बंद ठेवावा, छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रण करू नये. काही प्रार्थनांना दहा प्रौढ पुरुषांचा मिनियान लागतो. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेल्यामुळे येथे तो जमणे कित्येकदा कठीण होते, म्हणून समाजातील तरुणाने नुसते वेळेवर हजर राहणे हीसुद्धा गीताची सेवा आहे. पाहुण्याने मागच्या बाकावर बसावे, उठणे-बसणे इतरांबरोबर करावे आणि ‘आमेन’ला साथ द्यावी. अन्य धर्माच्या माणसाने येथील गीते शिकली म्हणून त्याला कोणी धर्म बदलण्याचा आग्रह करणार नाही; ज्यू परंपरेत तसा प्रचार नाही.

सरावाच्या कागदांबाबत एक नियम पाळावा. ज्या कागदावर देवाचे नाव हिब्रूत लिहिले किंवा छापले आहे तो कचऱ्यात टाकत नाहीत. फाटका झाल्यावर सिनेगॉगमध्ये द्यावा, तेथे असे कागद जमवून नंतर दफन करतात. सरावात देवाचे नाव अनेकदा येत असेल तर त्याऐवजी ‘हाशेम’ म्हणण्याची पुष्कळांची रीत आहे.

घरातील ज्येष्ठांकडून चाल उतरवून घ्यायची असेल तर रविवारसारखा दिवस निवडावा, त्यांची परवानगी घ्यावी आणि गाणे सुरू करण्यापूर्वी ध्वनिमुद्रणातच गाणाऱ्याचे मूळ गाव, ही चाल कोणाकडून ऐकली आणि ती कोणत्या प्रसंगी म्हणत, एवढे त्यांच्याच तोंडून बोलवून घ्यावे. एकाच गीताच्या रेवदंड्याच्या, पेणच्या आणि पनवेलच्या चालींत फरक निघाला तर तिन्ही ठेवाव्यात, आणि कोणती बरोबर हे ठरवण्याच्या भरीस पडू नये.